दोरीतली मोकळी जागा

अवजारं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. सखोबा गवंड्याच्या खोपटात एक जुनी दोरी होती. पाया, दगड, चुना, ज्या क्रमानं काम करायचं तशा तिला गाठी मारलेल्या. सखोबा गाठ चाचपायचा आणि पुढचं काम सांगायचा.

मग खोपटात फळा आला. त्यानं दोरीच्या साऱ्या गाठी आपल्या अंगावर चौकटींत उतरवून घेतल्या. "आजी, आता तुम्ही सरपण बांधायला जा," तो हसून म्हणाला. "गुरांचा हौद मी पाच दिवसांत उभा करतो."

झालाही पाच दिवसांत. पण सहाव्या दिवशी पाणी सोडलं, तर चुना वाहून गेला आणि भिंत खाली बसली. तहानलेली गुरं चिखल चाटत राहिली.

"आजी, तुमची एकही गाठ मी सोडली नव्हती हो," फळा रडवेला झाला.

"गाठी घेतल्यास रे बाळा, पण दोन गाठींमधली मोकळी दोरी राहिली. तेवढे दिवस चुना घट्ट व्हायचा. सगळं काम एका नजरेत दाखवणं मला कधी जमलं नाही, ते तुला जमतं. जरा जागा सोड, एवढंच."

फळ्यानं मधेमधे कोऱ्या चौकटी सोडल्या. हौदाला बारा दिवस लागले, पण गुरं पोटभर पाणी प्यायली. तेव्हा शेजारच्या खुंटीवरचा, भिंतीचा सरळपणा जोखणारा ओळंबा फळ्याला म्हणाला, "गड्या, तुझ्या त्या कोऱ्या चौकटींनीच भिंत धरून ठेवलीय बघ."