अर्णवाक्षाच्या मस्तकावरचे भस्म

पूर्वी कृतयुगात, जेव्हा वृक्ष तोडण्याआधी त्यावर राहणाऱ्यांची अनुज्ञा घेण्याची रीत पृथ्वीवर होती, त्या काळी हिमवंताच्या उत्तरेस पद्मकोश नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. त्याच्या तीरावरील गगनचुंबी देवदाराच्या शेंड्याजवळ गरुडमाता विनतेच्या कुळातला महापक्षी अर्णवाक्ष आपली भार्या वेलावती हिच्यासह राहत असे. खाली दीर्घसत्र ऋषींचा आश्रम होता.

अर्णवाक्ष तेव्हा नखशिखान्त काळसर होता. दृष्टी अशी की सरोवराच्या तळाशी वळलेला मासा त्याला ढगांतून दिसे. आवाज मात्र विधात्याने हात आखडून दिलेला, एवढ्या देहाला न शोभणारा, बारीक. दरवर्षी ऋतू पालटला की तो घरट्यावर नव्या काटक्या रची. विवाहाच्या वर्षी आणलेली पहिली वाकडी काटकी अजून काठाबाहेर डोकावत होती. "ती काढा, पंख अडकतो," असे वेलावती दरवर्षी म्हणे, आणि तो काढू लागला की रागावे. किती सुखाचे दिवस होते ते!

पुढे ऋषींच्या महायज्ञाला यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, हवा झाला आणि त्यांचे मन त्या सरळ देवदारावर बसले. रीतीप्रमाणे सायंकाळी त्यांनी मुळाशी हळदभाताचा नैवेद्य ठेवला व डोळे मिटून ते म्हणाले, "हे वृक्षवासी जनहो, यज्ञासाठी हा वृक्ष आम्ही नेऊ इच्छितो. ज्याला अमान्य असेल त्याने बोलावे. मौन आम्ही संमती मानू."

"नाथ, बोला," वेलावती म्हणाली. तिच्या पंखाखाली दोन अंडी होती.

"महर्षे, येथे आम्ही राहतो," अर्णवाक्ष म्हणाला. पुन्हा म्हणाला. ते शब्द वाऱ्यातच विरले. डोळे मिटून प्रार्थना करावी, एवढे विधीत सांगितले होते. ते उघडून वर पाहावे, असे सांगितले नव्हते, आणि ऋषी विधीबाहेर जाणारे नव्हते. अर्णवाक्षही भोळा. सांगितले म्हणजे ऋषींनी ऐकले, असे समजून तो निश्चिंत झाला आणि पहाटे मासे आणायला गेला.

परतला तेव्हा आकाशात त्याच्या घराची जागा रिकामी होती. वेलावती तिथे नुसत्याच घिरट्या घालत होती. तो खाली, तोडून पाडलेल्या देवदाराकडे झेपावला आणि चोचीने, नखांनी काटक्यांचा ढीग उपसू लागला. त्याची चोच नि पाय सांडलेल्या हळदभाताने माखले. अंडी फुटली होती. वाकडी काटकी तेवढी सापडली.

ऋषी यज्ञकुंडाकडून धावत आले. भस्माने भरलेला एक हात त्याच्या मस्तकावर, दुसरा शेपटीवर ठेवून ते म्हणाले, "पक्षिराज, तू बोलला का नाहीस?"

"बोललो, महर्षे. आता जवळ आहात, म्हणून ऐकू येते."

"शाप द्या यांना," वेलावती म्हणाली.

अर्णवाक्षाने ऋषींच्या भस्माळलेल्या हातांकडे पाहिले. "वेलावती, रोज पहाटे यांच्या मंत्रघोषाने आपण जागे झालो. आपली पहिली पिल्ले त्याच स्वरांवर उडायला शिकली. हे सगळे मी कसे शापू?"

ऋषींना रडू आवरेना. "वर माग. स्वर्ग माग, मेरूचे शिखर माग."

"स्वर्गात मासे असतात का, महर्षे? मला एक जुना, उंच वृक्ष हवा. शेंड्यावरून स्वच्छ पाणी दिसावे, आणि माणसांची वर्दळ दूर असावी."

"हे देणे माझ्या हाती नाही," ऋषी खिन्नपणे म्हणाले. "माझ्यामागून कुऱ्हाडी घेऊन पुष्कळ येतील. पण तू दिसला नाहीस, असे त्यांना म्हणता येणार नाही. हे भस्म तुझ्या मस्तकावरून नि शेपटीवरून कधी झडणार नाही. तुझी पिल्ले काळसर जन्मतील. पाचव्या वर्षी घर बांधण्याचे वय झाले, की त्यांनाही ही खूण मिळेल."

वाकडी काटकी चोचीत धरून अर्णवाक्ष वेलावतीसह समुद्रापलीकडच्या शीत प्रदेशात गेला. पिवळ्या चोचीचा, पिवळ्या पायांचा आणि शुभ्र मस्तकाचा त्याचा वंश अजून तिथे पाण्याकाठच्या जुन्या वृक्षांवर नांदतो. दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या चढतात, कधी कधी तर त्या भाराने वृक्षच मोडतो, तरी रचणे थांबत नाही. पद्मकोशावरचे ते घर काही पुन्हा उभे राहत नाही. ऋषींनी दिलेली खूण मात्र कोसावरून दिसते. वर पाहायला तेवढे हवे.