कुंपणाबाहेरचा लेक

कळफलकावरच्या कळा बोलत असत, तेव्हाची गोष्ट. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकाच्या पडद्यावर डावीकडे एक कंसीण नि उजवीकडे तिचा नवरा कंस राहत होते. नावाचेच कंस, जीव मोठा मायाळू. दोघांच्या मध्ये त्यांची शब्दपोरं नांदायची. एकदा धाकटा कंसाच्या पाठीमागे, बाहेरच राहिला. बाहेरच्याला तिथे कुणी घरचा मानत नसे. कंसीण रडू लागली.

खोडायची कळ म्हणाली, “कंसदादाला पुसते नि पोराच्या पलीकडे नवा आणून बसवते!”

“नवा नवरा? भवाने, जिभेला काही हाड?” कंसीण कडाडली.

कोपऱ्यातली कंट्रोल कळ हळूच म्हणाली, “वहिनी, मला एकटीला काही जमत नाही. उजव्या बाणाच्या कळीतल्या बाणा, ये रे, जोडीनं बघू.”

दोघांवर एकदम बोटं पडली, तसा कंस टुणकन उडी मारून पोराच्या पलीकडे उभा राहिला. लेकरू जागचं हललंही नाही, घरच त्याच्यापर्यंत वाढलं.