शेपूचा वाफा आणि शास्त्रीबुवांची वाचा

एका गावात एक बातमी फिरत होती, आणि तीही अर्धीच.

विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अगं, शास्त्रीबुवांची वाचा गेली! या डोळ्यांनी पाहिलं मी. काल संध्याकाळी साळूबाईच्या दारात उभे होते, तोंड उघडं, आणि शब्द म्हणून..." एवढ्यात तिची घागर भरली. तिने ती डोक्यावर घेतली आणि गेली की निघून! आता ऐकणारीने करायचं काय? अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेला भाजीचा धागा. निघत नाही आणि गिळताही येत नाही.

म्हणून सगळं पहिल्यापासूनच ऐका.

त्या गावात श्रीपादशास्त्री नावाचे एक पंडित राहत. चार लोकांत कसं बोलावं, ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला कसं वळवावं, ही विद्या ते शिकवत. लांबलांबच्या गावांहून शिष्य येत. मुकुंद आणि भार्गव हे त्यांचे दोन आवडते. स्तुतीत मुकुंदचा हात धरणारा कोणी नव्हता आणि भार्गव युक्तिवादात बापालाही हरवून आला होता. बापाने म्हणूनच त्याला इथे ठेवलं होतं, असंही लोक म्हणत.

शास्त्रीबुवांच्या भिंतीला भिंत लावून गोदाक्का राहायची. तिच्या कानांवर दिवसभर अलंकार आदळत. ती कंटाळून म्हणायची, "शास्त्रीबुवा, तुमचे शिष्य पाणी मागतात तेही प्रस्तावना करून. तहानेने जीव जायचा एखाद्याचा!" शास्त्रीबुवा हसत आणि तिच्या वाक्यातली चूक दुरुस्त करत.

एके सकाळी धडा होता, नसलेलं असल्यासारखं कसं दाखवावं. शास्त्रीबुवा म्हणाले, "बोलणारा असा हवा की दोरी समोर असून ऐकणाऱ्याला साप दिसावा." मग दोरी हवी. घरात दोरी सापडेना. शास्त्रीबुवा सरळ गोठ्यात गेले आणि हरणी गाईच्या गळ्यातलं दावं सोडून घेऊन आले. हरणी नुकतीच व्यालेली. वासरू चार पायांवर धड उभं राहायला शिकत होतं.

भार्गव त्या दाव्यावर असा बोलला, असा बोलला की मुकुंद ओट्यावर चढून बसला. शास्त्रीबुवांनी स्वतः त्या दाव्याकडे दोनदा निरखून पाहिलं. सगळे खूश.

भार्गव अजून बोलतच होता, तेवढ्यात भिंतीवरून गोदाक्काचा आवाज आला. "शास्त्रीबुवा, अहो, तुमची गाय..."

"गोदाक्का, वक्त्याला मध्ये तोडू नये. वाक्य पुरं होऊ द्या."

"अहो पण गाय सुटली..."

"वाक्य, गोदाक्का, वाक्य!"

गोदाक्काने कपाळावर हात मारला आणि स्वतःच काठी घेऊन धावली. पण धावून उपयोग झाला नाही. भार्गवचं वाक्य पुरं झालं तेव्हा पलीकडच्या आळीतल्या साळूबाईचा शेपूचा वाफाही पुरा झाला होता. साळूबाईने हरणीला शिंगाला धरून कोंडवाड्यात नेलं आणि दाराला आगळ घातली.

त्या गावच्या कोंडवाड्याची रीत वेगळी होती. तिथे दंड नव्हता, पंच नव्हते. ज्याचं पीक खाल्लं त्याने आगळ घालायची आणि त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. जनावराच्या मालकाने जावं, बोलावं, समोरच्याचं मन वळवावं. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की निम्मं भांडण मिटतं, असं जुन्या लोकांना वाटे.

इकडे वासरू ओरडायला लागलं. त्याच्या पोटात सकाळपासून थेंब नव्हता. कोंडवाड्यापर्यंत नेलं असतं तरी दार बंदच. भिंतीच्या अल्याड-पल्याड मायलेकरं नुसती हंबरत राहिली असती. गोदाक्काने वाटीत दूध आणून त्याला बोट चाटवायचा प्रयत्न केला. ते तोंड फिरवून घेई. तिने शास्त्रीबुवांना बजावलं, "हे पिल्लू उद्याची सकाळ बघायचं नाही. जा, आणि गाय सोडवून आणा."

"जाण्याची गरज काय?" शास्त्रीबुवा म्हणाले. "मन वळवायचंय ना? शिष्यांचा सराव होईल."

"सराव!" गोदाक्का म्हणाली. पुढचं तिने मनातच ठेवलं, कारण ते वाक्य व्याकरणाने शुद्ध असलं तरी शास्त्रीबुवांना सोसलं नसतं.

आधी मुकुंद गेला. साळूबाई अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होती. मुकुंदने हात जोडले. "हे अन्नपूर्णे! हे भूमीच्या लाडक्या लेकी! साक्षात गोमाता तुझ्या दारी जेवायला आली, केवढं तुझं पुण्य! ज्या हातांनी तो वाफा फुलवला ते हात नव्हेत, ती तर..."

"पुण्य मला आणि शेपू गाईला," साळूबाई म्हणाली. "वाटणी चांगली केलीस, बाबा. झालं असेल तर बाजूला हो. तुझ्या आडोशाने धूर माझ्याकडे फिरतोय, डोळे चुरचुरतायत."

मुकुंद परत आला. "गुरुजी, प्रस्तावना फारच उत्तम झाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं."

"आणि गाय?" गोदाक्काने भिंतीवरून विचारलं.

"गाय तेवढी राहिली."

वासरू ओरडतच होतं. ऊन कललं. मग भार्गव गेला. तो स्तुतीबितीत पडला नाही. "मावशी, गाईला तुझं-माझं कळतं का?"

"नाही बाबा."

"ज्याला कळत नाही त्याला दोषी ठरवता येतं का?"

"नाही."

"म्हणजे गाय निर्दोष. आणि निर्दोषाला कोंडणं हा अन्याय. मग आता मला सांगा, अन्याय कोण करतंय?"

साळूबाईच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. "म्हणजे वाफाही माझाच गेला आणि गुन्हेगारही मीच?"

"असं मी म्हटलं नाही, मावशी. ते आपोआप निघतं."

"मग तूही आपोआप नीघ."

भार्गव परत आला तो फुललेल्या चेहऱ्याने. "गुरुजी, बाईंकडे उत्तरच नव्हतं!"

आता काय बोलावं या लोकांपुढे! वासराचा आवाज बसत चालला होता. सकाळी ते ओरडत होतं, आता नुसतं कण्हत होतं. गोदाक्का भिंत सोडून सरळ अंगणातच आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शास्त्रीबुवा, दोन वेळा जिंकून झालंय तुमचं. आता तरी गाय आणता का?"

शास्त्रीबुवा वासराजवळ जाऊन वाकले. मग उठले. शाल घेतली, घसा साफ केला आणि वाटेने भाषण जुळवत निघाले. आरंभी जुन्या राजाची गोष्ट, मध्ये क्षमेचा महिमा, शेवटी असा काही समारोप की दगडाला पाझर फुटावा. मागून दोघे शिष्य, शिकायला मिळेल म्हणून. त्यांच्या मागून गोदाक्का. तिला काही शिकायचं नव्हतं, पण घरात पाय ठरत नव्हता.

साळूबाई दारातच होती. शास्त्रीबुवांनी शाल सावरली, उजवा हात वर केला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात घरातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"थांबा जरा," म्हणून साळूबाई आत वळली. दार उघडंच होतं. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"घे गं त्याला अंगावर. रडून रडून निळं पडलंय."

"घेतेय गं आई. पण पुरतच नाही त्याला. सारखं भुकेलंच राहतं."

"शेपू खाल्ला असतास तर दूध वाढलं असतं. तुझे दिवस भरायच्या आधीपासून घागरी वाहून वाढवला होता मी. आजच काढायचा होता."

शास्त्रीबुवांनी मान वळवली. अंगणाच्या कडेला वाफा होता. सकाळी घातलेल्या पाण्याने माती अजून ओली होती. त्यात शेपूची नुसती खुंटं उरली होती आणि मध्ये हरणीच्या खुरांचे ठसे. आत बाळ रडत होतं. पलीकडच्या आळीत वासरू कण्हत होतं. ते इथवर ऐकू येणं शक्य नव्हतं, पण शास्त्रीबुवांना ऐकू येत होतं.

साळूबाई बाहेर आली. "हं, बोला."

शास्त्रीबुवांचा हात वरच होता. तोंड उघडं होतं. राजा आठवेना, क्षमा आठवेना. मागून मुकुंद कुजबुजला, "गुरुजी, उपमा! उपमा द्या!" भार्गव म्हणाला, "आधी प्रश्न विचारा, गुरुजी!" गोदाक्काने दोघांनाही कोपराने ढोसलं. शास्त्रीबुवांच्या तोंडून शब्द म्हणून फुटेना.

नेमकी त्याच वेळी विहिरीवरची ती बाई पाण्याची घागर घेऊन समोरून गेली. तिने हे पाहिलं. घागर जड होती, थांबायला सवड नव्हती. ती घरी गेली आणि सकाळी विहिरीवर येऊन मोकळी झाली.

पण पुढचं तिने पाहिलंच नाही.

शास्त्रीबुवांनी हात खाली घेतला. शाल काढून हातावर घेतली. म्हणाले, "साळूबाई, गाय सुटली नव्हती. मी सोडली होती. शिष्यांना दोरीचा साप दाखवायला तिचं दावं काढून नेलं. या गोदाक्का ओरडून सांगत होत्या, मी ऐकलं नाही. तुमच्या लेकीच्या तोंडचा घास गेला, घरी वासरूही सकाळपासून उपाशी आहे. चुकलं माझं."

साळूबाई वाट पाहत राहिली. "झालं?"

"झालं."

"एवढंच होतं, तर सकाळीच का नाही आलात? चार वाक्यांसाठी माझा दिवस घालवलात, त्या मुक्या जिवाचा जीव टांगणीला लावलात, आणि हे दोन पोपट पाठवलेत ते वेगळेच!" बोलता बोलताच तिने पदराला हात पुसले, पायांत वहाणा सरकवल्या. "चला, बघता काय? वासरू उपाशी आहे ना?"

तिने स्वतःच्या हाताने आगळ काढली. हरणी कोणाची वाट न पाहता घराकडे पळत सुटली. वासरू तिच्या कासेला लागलं तेव्हा गोदाक्काने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच भार्गववर खेकसली, "बघतोस काय? दावं आण! ते जागच्या जागी बांधायला अक्कल लागते, अलंकार नाही."

वासराचं पोट भरल्यावर उरलेलं दूध साळूबाईच्या लेकीकडे गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज जाऊ लागलं. नवा शेपू वर येईपर्यंत गोदाक्काने आपल्या परसातली मेथी पोचवली. शास्त्रीबुवांनी स्वतः वाफा खणला, बी टाकलं. पाणी मुकुंद आणि भार्गव वाहत. भार्गवने पहिल्या दिवशी घागर कोणी उचलावी यावर तीन मुद्दे मांडले. साळूबाईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्याच्या डोक्यावर दुसरी घागर ठेवली.

शास्त्रीबुवांची शाळा अजूनही चालते. फक्त नव्या शिष्याला पहिला धडा बोलण्याचा नसतो. त्याला गावातल्या कोणाच्या तरी ओट्यावर बसवतात आणि सांगतात, त्या घरात काय दुखतंय ते ऐकून ये, मग तोंड उघड.

गोदाक्का मात्र विहिरीवर गेली, त्या बाईला गाठायला. "अगं, त्यांची वाचा गेली होती हे खरं. पण जरा वेळच. परत आली."

"परत आली?" बाईचा चेहरा पडला. "सगळी?"

गोदाक्काने थोडा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पुष्कळच कमी होऊन आली. पण आली तेवढी कामाची आली."

तात्पर्य: ज्याला दुसऱ्याचं मन वळवायचं आहे त्याने आधी त्याचं दुःख ऐकावं आणि आपली चूक आपली म्हणावी, एवढं केलं की थोडे शब्द पुरतात, आणि हे न केलं तर कितीही शब्द पुरत नाहीत.