राखणदार हजर आहे

फार पूर्वी, राजे लोकांचे ऐकायला सभा भरवीत आणि लोक त्या सभेसाठी चार-चार दिवस चालत जात, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

समुद्राकाठच्या एका राज्यात वर्षातून दोनदा प्रश्नसभा भरत असे. प्रत्येक गाव आपल्यातला एक बोलका माणूस निवडून तिथे पाठवी. त्याने प्रश्न विचारायचे आणि प्रधानाने उत्तर द्यायचे. राजाच्या आजोबांनी एक नियम घालून दिला होता. ऐकीव माहितीवर उत्तर द्यायचे नाही. ज्याच्या कामाबद्दल प्रश्न असेल, त्या माणसाने स्वतः राजधानीत येऊन प्रधानाच्या मागे उभे राहायचे. प्रश्नाची पाळी येईपर्यंत त्याने राजधानी सोडायची नाही. नियम चांगला होता. सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

खाडीकाठच्या एका गावाने रायाजीला निवडून दिले. त्याचा पहिलाच प्रश्न मोडक्या साकवाबद्दल होता. साकवावरून दोन माणसे ओढ्यात पडली होती. रायाजीने सभेत साधेपणाने विचारले, "हा साकव कधी होणार?" प्रधानाने मान खाली घातली आणि महिन्याभरात नवा साकव झाला. गावाने रायाजीला खांद्यावर घेऊन त्याच साकवावरून नाचवत आणले.

खांद्यावरून गाव फार छान दिसते. रायाजीला ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटू लागले.

पुढे तो गावापुरता राहिला नाही. उत्तरेच्या खिंडीत पहारा किती, परक्या राजाच्या वकिलाने कोणती भेट आणली, लढाईचे हत्ती अशक्त का झाले, असे त्याचे प्रश्न होऊ लागले. सभेच्या सज्जात गर्दी होऊ लागली. रायाजी उठला की प्रधान आधी पाणी पितो, असे लोक म्हणत. गावी परतल्यावर तो उंडीच्या झाडाखाली बसून सगळे सांगे आणि गाव तोंडात बोट घालून ऐके. हत्ती त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

गावाची सगळी भातशेती खाडीच्या बांधाआड होती. बांधाच्या अलीकडे गोडे पाणी, पलीकडे खारे. बांधात एक लाकडी दार होते, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला शेतातले जादा पाणी ती बाहेर सोडी आणि भरतीला मिटून समुद्राला अडवी. खेकडे बांध पोखरत. त्या बिळांमधून पाणी झिरपू लागले की बांध आतून सुटे आणि एखाद्या मोठ्या भरतीला फुटे. म्हणून बांधावर राज्याचा एक राखणदार असे. त्याचे नाव सटवा. रोज दोन्ही ओहोटींना तो चिखलाची पाटी घेऊन बांधावरून फिरे आणि एकेक बीळ अंगठ्याने चाचपून बुजवी. सटवाची दोन लग्ने झालीत, त्यातले पहिले बांधाशी, अशी गावात थट्टा होती. त्याची बायकोही ती थट्टा करी.

एका श्रावणात सटवा रायाजीच्या अंगणात येऊन बसला.

"उघाडीजवळचा बांध मऊ झालाय, दादा. आत पोकळ लागतोय. परवापासून भांगाची भरती आहे, म्हणजे पाणी कमी चढेल. चार दिवस वीस माणसं मिळाली तर नवा गाळ भरून घेतो."

रायाजी म्हणाला, "मी प्रश्न लावतो."

"प्रश्न कशाला? माणसं द्या. माझ्या हाकेला पाच येतील, तुमच्या हाकेला गाव येईल."

"अरे, वीस माणसं आज येतील. उद्या पुन्हा मऊ झाला तर? राज्याच्या दप्तरात नोंद नको का व्हायला?"

सटवाला दप्तरातले काही कळत नव्हते. तो उठून बांधाकडे गेला. रायाजीने तीन दिवस खपून प्रश्न लिहिला. बांध कमकुवत झाला आहे हे खरे आहे काय, असल्यास कोठे, त्याची राखण रोज होते काय, होत नसल्यास दोषी कोण, असा तो पाच कलमी प्रश्न होता. त्याने तो उंडीखाली वाचून दाखवला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात भांगाचे चारही दिवस निघून गेले. जे पाच जण सटवाच्या हाकेला येणार होते, तेही आले नाहीत. प्रश्न वर गेलाय, आता वरून काय ते होईल, असे त्यांनी त्याला सांगितले.

भाद्रपद लागला आणि सभेचे बोलावणे आले. ते रायाजीला होते, तसेच नियमाप्रमाणे सटवालाही होते.

सटवा पुन्हा अंगणात आला. या खेपेला तो बसलाही नाही. "प्रश्न मागे घ्या, दादा. मी तिकडे गेलो तर बिळं कोण बघणार? बायको बघेल, पण तिची कंबर वाकत नाही."

"मागे घेतला तर लोक म्हणतील रायाजी भ्याला. आणि तुला राजधानी तरी कधी बघायला मिळणार?"

चार दिवस चालून दोघे राजधानीत पोचले. तिथून समुद्र दिसत नव्हता. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरे. रायाजीने याही सभेला हत्तींचा एक प्रश्न लावला होता; तो वर आला आणि बांधाचा पार तळाला गेला. सटवा सभेच्या पायऱ्यांवर बसून राहिला. आल्यागेल्याला तो तिथी विचारी. देवडीवरचे शिपाई त्याला खेकडेशास्त्री म्हणू लागले.

अष्टमीला सकाळी त्याने रायाजीला पायरीवरच गाठले. "आज अष्टमी. उद्यापासून पाणी चढायला लागेल, पौर्णिमेला भर दुपारी उधाण. आज निघालो तर द्वादशीला बांधावर पोचतो. दोन दिवस हातात राहतात."

रायाजीने कारकुनाकडे चौकशी केली. कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "तुमचेच दोन प्रश्न आहेत. त्यांची अदलाबदल करता येते. हत्तींचा तळाला टाका, बांधाचा आत्ता घेतो, हा माणूस दुपारी मोकळा."

रायाजीने वर पाहिले. सज्जा भरला होता. लोक हत्तींसाठी आले होते. परगण्यांहून पाहुणे आले होते आणि खुद्द राजा आज बसणार होता. तळाला गेलेला प्रश्न कुणी ऐकत नाही, हे त्याला ठाऊक होते. आणि बांध इतकी वर्षे उभा होता. आठवडाभराने काय होणार होते?

"उद्या बघू," तो म्हणाला.

हत्तींचा प्रश्न फार गाजला. उद्याची पाळी दुसऱ्या कुणाची निघाली, परवाची तिसऱ्याची. अदलाबदल आता होणार नव्हती, कारण बदलायला रायाजीकडे दुसरा प्रश्नच उरला नव्हता. त्या रात्री तो नीट जेवला नाही. पण प्रश्न मागे घ्यावा, असे काही त्याच्या मनात आले नाही.

बांधाची पाळी आली ती पौर्णिमेला, भर दुपारी. सज्जात सात-आठ माणसे होती, त्यांतली दोन झोपलेली. प्रधानाने उत्तर वाचले : "बांध कमकुवत झाला आहे, हे खरे नाही. त्याची राखण रोज होते. राखणदार स्वतः येथे हजर आहे."

राजाने सटवाकडे पाहून विचारले, "हे खरे आहे का?"

सटवा म्हणाला, "मी इथं हजर आहे, एवढं खरं आहे, महाराज."

सभा हसली. राजाही हसला. रायाजीला मात्र हसू आले नाही. पौर्णिमेची भर दुपार, हीच उधाणाची वेळ, हे त्याला एकाएकी आठवले.

परतताना ते तीन दिवसांतच पोचले, कारण सटवा थांबेचना. नव्या साकवावरून दिसले ते असे : उघाडीजवळ बांधाला दहा हात खांड पडली होती आणि पोटरीत आलेल्या भातावर खाडी पसरली होती. सटवाची बायको फुटक्या कडेवर बसली होती. तिच्या दोन्ही हातांवरचा चिखल वाळून तडकला होता.

ती नवऱ्याला म्हणाली, "सहा बुजवली. सातवं मला दिसलं, पण वाकता आलं नाही."

सटवा तिच्याशेजारी बसला. रायाजी उभाच राहिला. त्याच्या कमरेला उत्तराचा कागद होता. त्यावर राज्याची मोहोर होती आणि बांध मजबूत असल्याचे लिहिले होते.

उंडीखाली गाव जमले. रायाजी म्हणाला की तो हे सोडणार नाही, पुढच्या सभेत दोषी कोण, हे तो विचारणारच. एका म्हातारीने तेवढे ऐकून विचारले, "आणि त्या प्रश्नाला रे, कुणाला बोलावतील?"

रायाजीने ऐकले नाही, की ऐकून घेतले नाही, कोण जाणे. त्याने प्रश्न लावला आणि पुढच्या सभेत त्याला उत्तर मिळाले. उत्तरात काडीचेही खोटे नव्हते. बांध फुटला त्या दिवशी राखणदार बांधावर नव्हता, हे सभेच्या दप्तरावरूनच सिद्ध होत होते. सटवाला कामावरून काढण्यात आले. त्याच सभेत रायाजीला शंभर प्रश्न पुरे केल्याबद्दल शाल मिळाली.

खारे पाणी मुरलेल्या जमिनीत वर्षानुवर्षे भात उगवत नाही. एकेक घर दुसरीकडे पोट भरायला गेले. सटवा आणि त्याची बायको सर्वांत शेवटी गेली. शेतात खाऱ्या चिखलातली तिवरे उगवली. एका वर्षी रायाजी शाल पांघरून सभेच्या देवडीवर गेला, तर शिपायाने यादी पाहिली आणि सांगितले की त्या नावाचे गाव आता राज्यात नाही, आणि गाव नसेल त्याला प्रश्न विचारता येत नाही.

तो माघारी आला. ओस पडलेल्या उंडीखाली बसून त्याने आयुष्यात पहिल्यांदा गावाला हाक मारली. आणि त्या हाकेला कुणी आले नाही.

बोध : आपल्या एका हाकेने होणारे काम जो प्रश्नावर टाकतो, त्याला उत्तर मिळते, पण काम बुडते.