भिलारच्या हवेचा जेट

“पण त्याला हात लावायचाच कशाला?” हर्षदानं विचारलं.

इसाकचाचा गाडीशेजारी उकिडवे बसले होते.

“गाडी चांगली पळतेय. वर आमच्या भिलारच्या चढावर हिच्या मागं कुणी टिकत नव्हतं. सुहासदादानं स्वतःच्या हातानं कार्बोरेटरचा जेट बसवलाय यात. त्याच्यासारखं काम कुणाला जमत नाही.”

“ठाऊक आहे मला,” चाचा म्हणाले.

ठाऊक असणारच. चिपळूणच्या खाडीकाठी चाचांचं गॅरेज. मातीत पळवायच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली तयार करण्यात त्यांचा जन्म गेला. सुहास भिलारे त्यांच्याकडे शिकायला घाट उतरून यायचा. इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा, हे त्याला चाचांनीच शिकवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि सुहास गेला.

उद्या खाडीपलीकडच्या माळावर शर्यत होती. ती त्याला धावायची होती. आता त्याच्याच गाडीवर त्याची धाकटी बहीण हर्षदा धावणार होती.

टेम्पोतून गाडी उतरवल्याबरोबर तिनं चाचांना एक फेरी मारून दाखवली होती. भन्नाट. चाचांनी कौतुक केलं नाही, फक्त प्लग खोलला आणि तिच्यापुढं धरला.

प्लग खडूसारखा पांढरा पडला होता.

“वर कसा दिसायचा?”

“तपकिरी.”

“वर हवा विरळ. म्हणून सुहासनं हवेच्या फिल्टरच्या डब्याला भोकं पाडून वाट मोकळी केली, आणि त्या हवेला पुरेल एवढंच पेट्रोल सोडणारा बारीक जेट बसवला. पोरानं बरोबर केलं. पण ही समुद्राकाठची हवा, पोरी. दाट. भोकांतून ती नुसती लोटतेय, आणि पेट्रोल तेवढंच.”

“म्हणून तर सुसाट सुटतेय!”

“सुटणारच. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन जाम होण्याआधीच सगळ्यात गोड वाजतं.”

भर वेगात इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी धरलं जातं, आणि वर बसलेल्याचं काय होतं, हे हर्षदाला सांगायला नको होतं. दादानंच ते कितीदा सांगितलं होतं.

“कळतं मला,” ती म्हणाली. “तरी नको. मोडली तर मोडू दे.”

“आणि तू?”

ती टाकीवरची धूळ पुसायला लागली.

चाचांनी पाना उचलला.

“तुम्हाला काय त्याचं!” ती ओरडली. “भाऊ माझा गेलाय. तुमचा कोण होता तो?”

...

चाचांनी कार्बोरेटर सैल करून कलता केला, त्याची खालची वाटी काढली. पेट्रोल त्यांच्या बोटांवरून ओघळलं. आत पितळेचा जेट दिसला. त्यांनी पेचकस त्याच्या खाचेत बसवला.

आणि त्यांचा हात थांबला.

जेट अडकलाय, असंच हर्षदाला आधी वाटलं. मग तिला दिसलं, ते जोरच लावत नव्हते. पेचकस खाचेत होता, फिरत मात्र नव्हता.

“तू काढ,” चाचा हळूच म्हणाले. “माझ्यानं व्हायचं नाही.”

तिचा राग कुठल्या कुठं गेला. ती त्यांच्याशेजारी मातीत बसली आणि पेचकस हातात घेतला. जेट जरासा जोर लावताच सुटला. दादा कधी कुठलीच गोष्ट करकचून आवळायचा नाही.

हरभऱ्याएवढा तो जेट तिच्या तळहातावर आला. तिनं मूठ मिटली आणि मग तो खिशात टाकला.

चाचांनी डबीतून मोठा जेट काढून दिला. तोही तिनंच बसवला.

मग तिनं गाडी खाडीकाठच्या रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून. गाडी नीट ओढत होती. पण आवाज जाड झाला होता, बसलेल्या गळ्यासारखा. घरामागच्या चढावर रोज संध्याकाळी जो ऐकू यायचा, आणि जो ऐकून आई चहा ठेवायची, तो हा नव्हता.

ती परत आल्यावर चाचांनी प्लग खोलला. तपकिरी झाला होता, पेट्रोल पुरत असल्याची खूण.

हर्षदानं तो पाहिला आणि ती तिथंच गाडीला टेकून रडायला लागली. दादा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. चाचांनी तिला उगी केलं नाही. शेजारी बसून राहिले.

मग डोळे पुसून ती म्हणाली, “हा आवाज त्याचा नाही, चाचा.”

“नाही.”

...

रडताना कधीतरी खिशातला जेट तिनं मुठीत घेतला होता. ती मूठ तिनं उघडली. घामानं जेट ओला झाला होता.

“घरी गेल्यावर हा परत बसवीन मी. चालेल ना?”

चाचा फडक्यानं हात पुसत होते. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत राहिले.

“वरच्या हवेला तोच जेट. पण त्याच्याशिवाय तो आवाज कसा वाटेल, पोरी...” ते म्हणाले, “ते घरी गेल्यावरच कळेल.”