तिथं नको

एकदा एका वृद्ध मांत्रिकाकडे सोमेश्वर नावाचा तरुण विद्या शिकायला आला. डोंगराच्या कपारीत कोरलेले एकच प्रशस्त दालन, हेच मांत्रिकाचे घर आणि हेच त्याचे साधनास्थान. आत पाऊल टाकताच सोमेश्वर थक्क झाला. काजळीने काळवंडलेल्या भिंती, साखळ्यांनी टांगलेले पितळी दिवे, दारासमोर वेताळाचा लाकडी मुखवटा, मधोमध व्याघ्रचर्म, त्यापुढे तांब्याचे यंत्र आणि कमरेएवढी उंच समई. यांतल्या नेमक्या कोणत्या वस्तूत शक्ती असेल? झाडलोट करताना तो एकेक वस्तू हळूच चाचपून पाही. मुखवट्याच्या कानाशी त्याने मंत्रही पुटपुटून पाहिला. काहीच घडले नाही.

पावसाळा सरल्यावर एक गृहस्थ आपल्या बहिणीला घेऊन आला.

"महाराज, ही येसू. पुरात हिचं घर वाहून गेलं. माणसं वाचली, सगळी माझ्याकडेच आहेत. पण तेव्हापासून ही एक अक्षर बोललेली नाही. ऊठ म्हटलं की उठते, जेव म्हटलं की जेवते. हिची धाकटी लेक आईच्या हाकेसाठी झुरतेय हो!"

मांत्रिक येसूकडे बराच वेळ पाहत राहिला. मग शिष्याला म्हणाला, "आतलं सगळं सामान अंगणात काढ."

"सगळं? मग विधी कशानं करायचा, गुरुजी?"

"आधी काढ तर खरं."

दालन ओकेबोके झाले. मांत्रिकाने येसूला आत भिंतीशी बसवले आणि स्वतः एकेक वस्तू आणून मांडू लागला. पण मांडणे कसले ते! यंत्र उंबरठ्यावर, व्याघ्रचर्म थेट चुलीपाशी. येसू निश्चल. गुरुजींना भ्रम तर झाला नाही ना, या शंकेने सोमेश्वर कासावीस झाला. शेवटी मांत्रिकाने समई पेटवली आणि बरोब्बर दाराच्या तोंडाशी ठेवली. वाऱ्याने ज्योत आडवी झाली.

"तिथं नको!" येसू एकदम म्हणाली. "विझेल की ती!"

भावाने डोळ्यांना उपरण्याचे टोक लावले. मांत्रिक मात्र सहज म्हणाला, "मग कुठं ठेवू, बाई?"

येसू उठली. समई तिने आडोशाला नेली, व्याघ्रचर्म चुलीपासून ओढले. मुखवटा पुन्हा दारासमोरच लावलेला पाहून म्हणाली, "हे ध्यान समोर कशाला? लेकरं भितील."

निघताना मांत्रिक भावाला म्हणाला, "घरातला एक कोपरा हिला दे. तो हिच्या मनाप्रमाणे लागू दे. मध्ये कोणी बोलू नका."

ती दोघे गेल्यावर सोमेश्वरने अधीरतेने विचारले, "गुरुजी, शक्ती समईत होती का?"

"नाही रे. पुराने तिचं छप्पर नेलं, ते भावाने दिलं. पण 'हे इथं ठेव, ते तिथं नको' असं म्हणण्याचा अधिकारही घराबरोबर वाहून गेला होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळे तिची काळजी घेत होते, तिला विचारत कोणीच नव्हतं. ज्याच्या शब्दावाचून कुणाचं काही अडत नाही, त्याचे शब्द हळूहळू आटतात."

दुसऱ्या दिवशी एक थकलेला म्हातारा काठी टेकत डोंगर चढून आला. सोमेश्वर घोंगडी घेऊन पुढे झाला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाबा, कुठं अंथरू?"