चुलवाणानं धुराडं बुजवलं

फार मागं, चुली-भट्ट्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका गुऱ्हाळात रस आटवायच्या काहिलीखालचं चुलवाण आपल्या मागच्या धुराड्यावर जळफळायचं. "जाळ मी सोसायचा आणि या आयतोबानं माझी धग आभाळात उधळायची," म्हणत त्यानं एका घुशीला गळ घातली. घुशीनं माती लोटून धुराडं तळाशीच बुजवून टाकलं.

सकाळी चुलवाणावरच्या गडी बाळकूनं जाळ घातला. आता दुप्पट धग होणार म्हणून चुलवाण फुशारून बसलं, तर त्याच्या तोंडातूनच भसाभसा काळा धूर बाहेर आला. बाळकूनं डोळे पुसत आणखी चिपाडं कोंबली. होता तो जाळही विझला. काहिलीतला रस तसाच आंबू लागला.

चुलवाण हबकलं. "पोटभर जळण आहे, मग मी पेटत का नाही?"

"वारा कुठाय?" धुराडं म्हणालं. "माझ्याकडनं धूर वर निघून जायचा, म्हणून त्याच्यामागनं तुझ्या तोंडात वारा शिरायचा."

तेवढ्यात गूळ करणारा गुळव्या आला. धुराड्याकडं त्यानं बघितलंही नाही. धुरानं काळंठिक्कर पडलेलं चुलवाणाचं तोंड तेवढं त्यानं वाकून पाहिलं.

"बाळकू, हे चुलवाण गेलं कामातून," तो म्हणाला. "पहार आण."